कंपनीचा गूळ

भैरू पंगतीला बसला की वाढपी आधी पातेल्यात डोकावायचा. थेरगावच्या लग्नांत त्याने पैजेवर जिलब्या खाल्लेल्या मी या डोळ्यांनी पाहिल्या आहेत. पिंपरीच्या एका फाउंड्रीत आम्ही दोघे एकाच टोळीत होतो, वितळलेलं लोखंड साच्यात ओतायचो. माणूस दिलदार, पण त्याचं सगळं एक तर तुडुंब, नाही तर कोरडं ठाक.

चौऱ्याहत्तर साली त्याला साखरेचा आजार निघाला. चिंचवडच्या डॉक्टरांनी नीट समजावलं, मी शेजारीच होतो. रोज गोळी घ्या. सणाला गोड घासभर खा, मजेत खा, आणि संध्याकाळी पवना नदीपर्यंत चालून या. पायांना मात्र जपा, हा आजार पाय खातो. बाहेर आल्यावर भैरू म्हणाला, "घासभर खाऊन तोंड कशाला खरकटं करायचं? आजपासनं साखर बंद. मग गोळी तरी कशाला?"

आणि पठ्ठ्याने खरंच बंद केली. बिनसाखरेचा चहा प्यायला लागला. पुतणीच्या लग्नात त्याने बासुंदीच्या वाटीवर आडवा हात धरला. बायका त्याच्या बायकोला, गिरजाबाईला म्हणाल्या, नवरा असावा तर असा. मी आपला अर्धी जिलबी खाऊन बोटं चाटणारा, मलाही त्याचं कौतुक वाटलं.

पण फाउंड्रीत एक रीत होती. वाळूची धूळ छातीत बसू नये म्हणून दर शिफ्टला प्रत्येकाला गुळाचा खडा मिळायचा. साखर ती पांढरी, गूळ म्हणजे औषध, हे भैरूचं पक्कं मत. घरी गोड सगळं बंद, तेव्हा तो आपला खडा खाऊन इतरांचेही मागून घ्यायचा. मी हटकलं. भांडलोच म्हणा ना. तो म्हणाला, "कंपनी काय येडी हाय व्हय? छातीसाठीच देती न्हवं?" वर आठवडाभर माझ्याशी बोलला नाही.

मग त्याचं अंग उतरत गेलं. लोक म्हणाले, पथ्य लागू पडलं. माठातलं पाणी तो एकटाच संपवायचा आणि सारखा मागच्या भिंतीकडे जायचा. तो उभा राहायचा त्या जागेला मुंग्या लागायच्या. मी गिरजाबाईच्या कानावर घातलं. तिने घरातली गुळाची ढेप शेजारणीला देऊन टाकली, पण कंपनीत तिचं काय चालणार?

एका सकाळी ओतताना लोखंडाचा थेंब उडाला आणि भैरूच्या बुटात गेला. बुटात ठिणगी शिरली की भलेभले नाचतात. भैरू जागचा हलला नाही. त्याने साचा शांतपणे भरला आणि तो दुसऱ्या साच्याकडे वळला. आमचे मुकादम हिंदुराव कौतुकाने म्हणाले, वाघ आहे वाघ. सगळे हसले. मला हसू येईना, कारण त्याच्या बुटातून धूर निघत होता आणि तो वास नुसत्या चामड्याचा नव्हता.

मी त्याला ओढून बाजूला बसवलं. मोजा पायाला चिकटला होता. तो भिजवून सोडवला तर ताज्या भाजलेल्या जागेशेजारी, तळव्यावर, जुनी काळी जखम होती. तिच्यात खिळ्याचं टोक होतं. बुटाचा खिळा कधी वर आला आणि तो त्यावर किती दिवस चालला, त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. दुसऱ्या कुणाचा पाय बघावा तसा तो बघत राहिला.

मी त्याला तसाच रिक्षात घालून चिंचवडला नेलं, वाटेत गिरजाबाईलाही घेतलं. डॉक्टरांनी त्याला डोळे मिटायला लावले आणि अंगठ्याला टाचणी टोचली. कळतंय का, विचारलं. "न्हाई." घोट्याला टोचली. "न्हाई." टाचणी पोटरीवर चढत गेली, तसं डॉक्टरांनी विचारणं सोडून दिलं. भैरू डोळे मिटून कसल्याशा खुशीत पडला होता.

टाचणी ठेवून डॉक्टरांनी गुडघ्याच्या थोडं खाली बोट आडवं फिरवलं आणि मला हलक्या आवाजात म्हणाले, आजच्या आज पुण्याला मोठ्या दवाखान्यात न्या. गिरजाबाईने ते बोट बघितलं आणि तोंडाला पदर लावून ती मटकन खाली बसली.

तिचा हुंदका ऐकून भैरूने डोळे उघडले. "अगं, रडतीस कशापायी? जरा बी दुखत न्हाई मला."