तीन टक्के

१९९४ साल. इस्पितळाच्या मशीनरूममध्ये अण्णा आणि मी, दोघंच. अण्णा मूळचे नोंदणी विभागातले कारकून. युनिक्स ही संगणक प्रणाली पुस्तकं वाचून स्वतःच शिकलेले. तपासण्यांचे रिपोर्ट छापणारा प्रोग्रॅम त्यांचा. तो रोज सकाळी अकराच्या सुमाराला गोगलगाय व्हायचा.

"डिस्क नुसती बसून आहे," आमच्या विभागाचे साहेब म्हणाले. "तीन टक्के काम. तुमचाच कागद सांगतोय. म्हणजे दोष प्रोग्रॅमचा. सोमवारपासून तुम्ही गोदामात. नवा प्रोग्रॅम बाहेरचे लोक लिहितील."

कागद खरंच अण्णांचा होता. डिस्क किती राबते हे मोजणारी कमांड त्यांनी दर तासाला लावली होती. कागदाची बचत व्हावी म्हणून ती दर वेळी एकच ओळ छापायची.

साहेब निघून गेल्यावरही अण्णा रागावले नाहीत. चष्मा कपाळावर चढवून कागद उलगडत बसले.

"हे बघ गं. पहाटे तीन टक्के. सकाळी अकराला तीन. रविवारीही तीन. माणसाची नाडीसुद्धा जिना चढल्यावर बदलते."

"अडकलं असेल काहीतरी."

"मग तीनवरच का? शून्यावर का नाही?"

अकरा वाजले होते. मी डिस्कच्या पेटीवर हात ठेवला. पिठाच्या गिरणीसारखी थरथरत होती. अण्णांनी तीच कमांड पुन्हा दिली, पण दर पाच सेकंदांनी एक, अशा पाच ओळी मागितल्या. पहिली ओळ, तीन. दुसरी, शहाण्णव. तिसरी, अठ्ठ्याण्णव.

अण्णा लहान मुलासारखे हसले. "पहिली ओळ आत्ताची नाहीच. मशीन सुरू झालं तेव्हापासूनची सरासरी आहे ती. वर्षभराच्या रात्री, सुट्ट्या, सगळं त्यात मिसळलेलं."

"म्हणजे सुटलात तुम्ही."

"प्रोग्रॅम सुटला. एकच ओळ मागणारा मीच ना?"

"ते कशाला सांगताय? मशीनवर ढकला की."

"त्या बिचाऱ्याला विचारलं तेवढं त्यानं सांगितलं."

त्यांनी सगळं लिहून दिलं, स्वतःच्या चुकीसकट. साहेबांनी दुसरी डिस्क मागवली, रिपोर्ट वेळेवर निघू लागले. गोदामाचा हुकूम मात्र फिरला नाही.

साहेब पुढे बढतीवर गेले. मी त्याच खोलीतून निवृत्त झाले. नोकरीत असताना काही अडलं की मी गोदामात जायची. अण्णा खोक्यांमधून वाट काढत माझ्यासाठी स्टूल आणायचे. बाहेरचे लोक कधी आलेच नाहीत. अण्णांचा प्रोग्रॅम आणखी नऊ वर्षं चालला. अण्णा याच इस्पितळात वारले त्या सकाळीही त्यानं अडीचशे रिपोर्ट अकराच्या आत छापले. त्यातला एक अण्णांचा होता.