चाकाला बोट लावू नका

मी एक जुनं व्हिएल आहे. पोट सारंगीसारखं, पण मला गज नाही. बुडाचा दांडा फिरवला की माझं लाकडी चाक तारांवर घासतं आणि मी गातं. मित्रांनो, दांडा कायम दुसऱ्याच्या हातात असल्यामुळे मनातलं बोलायची सोय मला जन्मापासूनच नाही.

फ्रान्सच्या बेरी भागातल्या एका सुताराने मला घडवलं. माझ्या मालकीणबाई सोलांज आजी, त्यांच्या वडिलांनी मला गावातल्या प्रत्येक लग्नात वाजवलं. नवरी रडायची ती माझ्यामुळे की नवऱ्यामुळे, ते कधी कळलं नाही. पुढे अकॉर्डियन आला आणि मी कपाटावर गेलं. माझ्यावर टोप्यांची खोकी आली.

मग काय झालं कोण जाणे, कर्कश गिटारवाल्या पोरांना माझा घोगरा आवाज एकाएकी आवडू लागला. हातभर गोंदलेली दांडगी माणसं माझा सूर ऐकून डोळे पुसू लागली. आजींची नात नोएमी मला खाली काढून वाजवायला शिकली. आजींची बोटं तोवर आखडली होती. त्यांनी अट घातली, "यंदाच्या व्हिएल मेळ्यात माझ्या बाबांची नाचाची चाल वाजव. नीट वाजली तर हे तुझं. नाहीतर संग्रहालयाला देऊन टाकते."

किल्ल्याच्या बागेत मेळा भरला. सगळे व्हिएलवेडे. चाक लागतं तिथे माझ्या तारांना कापसाचा पातळ पदर गुंडाळतात. तो किती असावा, यावर त्यांच्यात कुणा दोघांचं एकमत नाही.

"ही गादी कुणी भरली?" म्हणत एका गोंदलेल्याने माझा कापूस उपटला.

"एवढासाच? तार सोलून निघेल!" म्हणत एका मास्तरीणबाईंनी परत गुंडाळला.

"अहो, मला आत्ता मंचावर जायचंय!" नोएमी कळवळली.

"दोन मिनिटं गं बाळा!"

तेवढ्यात संग्रहालय चालवणाऱ्या व्हिएल मंडळाचे अध्यक्ष फुल्जांसकाका बकरीचं चीज खात आले. "सरका! कापसाचं सोडा. चाकाला बोट लावायचं नाही! तेलकट बोट लागलं की आवाज मेला. कुठे लावायचं नाही? इथे!" आणि त्यांनी अंगठा टेकवला. मागच्यांना दिसावं म्हणून चाक फिरवून दाखवलं, "इथे, इथे, आणि इथेसुद्धा!"

सगळ्यांनी माना डोलावल्या.

मंचावर नोएमीने दांडा फिरवला. चाल मला तोंडपाठ होती. निघाला तो ओल्या बुटाचा आवाज. नाचणारे एक पाय उचलून तसेच थांबले. पहिल्या रांगेत आजींची बोटं गुडघ्यावर ती चाल वाजवत होती. ती हळूहळू थांबली. 'चीज! चीज!' असं मला ओरडायचं होतं. पण चाक नुसतं घसरत राहिलं.

"काल नीट वाजत होतं, आजी. खरंच!"

"सराव कमी पडला," फुल्जांसकाका कळकळीने म्हणाले.

आजींनी आपली अट पाळली. मी संग्रहालयात आलं.

आता मी काचेच्या पेटीत आहे. धूळ नाही, टोप्या नाहीत, दांड्याला हात नाही. मित्रांनो, जुन्या वस्तूंवर जरूर प्रेम करा. फक्त आधी हात धुवा.

रविवारी नोएमी येते. परवा फुल्जांसकाका पाहुण्यांना सांगत होते, "हे चाक. याला बोट लावायचं नाही. इथे!" काचेवर अंगठ्याचा तुपकट ठसा उमटला. नोएमी त्या ठशाकडे बघत राहिली. मग माझ्या चाकाकडे. मग रुमाल काढून तिने काच पुसली, जिथवर हात पोहोचतो तिथवर.

पेटीची किल्ली फुल्जांसकाकांकडे असते.