रुखमाबाईच्या कोंबड्या घाटंजीला निघाल्या

केळापुरात खालच्या वस्तीत मानमोडी आली. कोंबड्या माना वाकड्या करून पटापट मरू लागल्या, तशी रुखमाबाईने दुरडी काढली. गावाची रीतच ती. रोग आला की आपल्या धडधाकट कोंबड्या पाहुण्यांकडे पोचत्या करायच्या आणि साथ सरली की परत आणायच्या. रुखमाबाईची लेक दीपमाला घाटंजीला दिलेली. तिचं परसदार गावरान कोंबड्यांनी भरलेलं आणि त्यांच्याच अंड्यांवर तिचं घर चालायचं.

दुरडीवर जुनं लुगडं बांधून रुखमाबाई एसटीला निघाली, तर दारातच शबाना आडवी आली. शेजारच्या जमीर मेकॅनिकची ही सून कोंबड्यांना लस द्यायला नुकतीच शिकली होती. हातात बर्फाचा डबा होता.

"मावशी, कुठी चालल्या?"

"दीपमालाकडं. लपवून ठेवतो इयले तिकडं."

"आन् तिच्या कोंबड्यायले रोग देता?"

रुखमाबाईचा पारा चढला. "काहून वं? माह्या कोंबड्यायले काय धाड भरली? मस्त दाने टिपून राह्यल्या!"

"आज टिपून राह्यल्या. रोग आंगात शिरला तरी दोन-चार दिवस कोंबडी काहीच दाखवत नाही, पन दुसरीले देऊन टाकते. खालच्या वस्तीत बी पाहुन्याच्याच कोंबड्या आल्या होत्या."

रुखमाबाईने दुरडी ओट्यावर उतरवली. लेकीचं भरलं परसदार तिच्या डोळ्यांपुढे आलं.

"लसीची बाटली फोडली का लवकर संपवा लागते," शबाना म्हणाली. "शंभर कोंबड्यायची हाये. लोक तं दार उघडत नाहीत."

"उघडत कशी नाहीत, पाहतो ना मी!"

रुखमाबाईच्या तोंडाला सारी गल्ली भ्यायची. त्या दिवशी ते तोंड सत्कारणी लागलं. घटकाभरात मारोतरावांपासून आयशाबीपर्यंत सगळे काखेत कोंबड्या घेऊन हजर झाले. रुखमाबाईने एकेक कोंबडी मांडीवर दाबून धरली, शबानाने डोळ्यात थेंब टाकला, आणि ओट्यावर जत्रेसारखा कलकलाट माजला.

तरी तिसऱ्या दिवशी रुखमाबाईची लाडकी कबरी मान टाकून बसली. शबानाने तिला लगेच वेगळं काढलं. "रोग आधीच शिरला होता, मावशी. हिले लस उशिरा भेटली." संध्याकाळी कबरी मेली. चुना टाकून तिला खोल पुरताना रुखमाबाई ढसाढसा रडली. बाकीच्या मात्र खुराड्यात दाटीवाटीने, एकमेकींना टोचत बसल्या होत्या.

तेवढ्यात दीपमालाचा फोन आला. ती फुरंगटली होती. "मी वाट पाहून राह्यलो ना आई! काहून नाही आली?"

तिच्या मागे कोंबड्यांचा गलका ऐकू येत होता. रुखमाबाईने तो पोटभर ऐकला, पदराने डोळे पुसले आणि हसली.

"दर खेपेले काही ना काही घेऊन येतो ना पोरी? या खेपेले नाही आलो, हेच तुले आनलं समज."