रघ्याचा डबा

माझ्या गाडीतली भजनं ऐकून कोणीतरी भांडायला यावं, एवढीच माझी इच्छा होती. कोणीतरी म्हणजे गंगूबाई. काळाचौकीच्या आमच्या चाळीत ती शेजारच्या खोलीत राहायची. मी डबलबारीच्या, म्हणजे दोन बुवांच्या सामन्यातल्या, भजनांची कॅसेट लावली की मधल्या भिंतीवर लाटणं आपटायची. "रघ्या, मेल्या, डबो बंद कर! कान फुटले माजे!" मी निमूट बंद करायचो, आणि थोड्या वेळाने तीच वाटीत कालवण घेऊन दारात उभी. मजल्यावर कोणी गेलं तर मात्र तेराव्यापर्यंत कोणाचाच डबा वाजत नसे. ते सांगायला कोणाला यावं लागायचं नाही. मी सडाफटिंग माणूस, पण एकटा आहे असं तेव्हा कधी वाटलं नाही.

मग चाळ पाडली, टॉवर झाला. गंगूबाई सातव्या मजल्यावर, मी बाराव्या. एकदा तिच्याकडे गेलो, तर ती झोपलेली. तिच्या सुनेने, अक्षदाने, ट्रेमधून पाणी आणलं. गंगूबाईच्या घरात मला ट्रेमधून पाणी! पुन्हा पाऊल टाकलं नाही. बिल्डिंगच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज सकाळी गुलाबाची फुलं आणि त्याखाली पार्किंगचे नियम. वैतागून त्यातूनही बाहेर पडलो. मी नाकावर माशी बसू देत नाही, आणि मग घरात माशीसुद्धा येत नाही, असं झालं.

रिटायर झाल्यावर एक जुनी गाडी घेतली होती. जायचं कुठे, हा प्रश्नच होता. पण पार्किंगमधली माझी जागा कठड्याला लागून, आणि वर सरळ रेषेत गंगूबाईच्या स्वयंपाकघराची खिडकी. डोक्यावरच्या स्लॅबमुळे ती दिसायची नाही, पण आवाज वर जायला काय हरकत होती? ठरवलं, म्हातारीला खिडकीतून भांडायला लावायचं.

गाडीत अॅम्प्लिफायर आणला, चार स्पीकर आणले. जन्मभर इस्पितळात वायरमनची नोकरी केलेली, त्यामुळे दुसऱ्याला हात लावू देतोय कशाला! घरातले दिवे जोडतात तसे एकेका बाजूचे दोन-दोन स्पीकर पॅरलल जोडून मोकळा झालो. रोज संध्याकाळी डिकी उघडी टाकायची, पुढच्या सीटवर बसायचं आणि भजन लावायचं. आवाज असा की मागे भिंत कोसळली असती तरी मला कळलं नसतं. पण पखवाज रंगात आला की अॅम्प्लिफायर तापायचा, लाल दिवा लागायचा आणि सगळं चिडीचूप. मी त्याला शिव्या घालत बसायचो. थंड झाला की पुन्हा लावायचा, पुन्हा तेच. भांडायला कोणी यायचं नाही. वाटायचं, म्हातारीला विसर पडला आपला.

शेवटी हट्ट सोडला आणि गाडी परळला हितेंद्रकडे नेली. गाड्यांमध्ये स्पीकर बसवायचं त्याचं दुकान आहे.

"काका, हे घरचं वायरिंग नाय," तो म्हणाला. "चार ओहमचे दोन पॅरलल लावले की लोड झाला दोन ओहम. तुमच्या अॅम्प्लिफायरला चारच्या खाली झेपणार नाय. चाळीत सगळ्यांनी एकदम नळ सोडले तर पंपाचं काय व्हायचं?"

"मग आता?"

"सिरीजमध्ये टाकू. आठ होतील. आवाज थोडा उतरेल, पण मध्येच बंद नाय पडणार."

गणपतीआधीची गर्दी, त्यामुळे गाडी आठवडाभर त्याच्याकडेच राहिली. काल संध्याकाळी ती आणून जागेवर लावली. भजन सुरू केलं. पखवाज चढला, झांजा चढल्या, लाल दिवा काही लागला नाही. गजर संपला, दुसरा सुरू झाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच सलग वाजत होतं. मी खूश होऊन काच खाली केली.

तेवढ्यात लिफ्टचं दार उघडलं आणि अक्षदा माझ्याच दिशेने येताना दिसली. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. म्हातारीने सुनेला पाठवली!

"काय म्हणते सासू? कान फुटले का?"

ती खिडकीशी येऊन थांबली. चेहरा उतरलेला होता.

"काका, आई गेल्या. मागच्या शुक्रवारी. इस्पितळातूनच भोईवाड्याच्या स्मशानात नेलं. ग्रुपवर टाकलं होतं... मला वाटलं, तुम्हाला कळलं असेल."

भजन वाजतच होतं.

"बंद करा असं सांगायला नाही आले," ती म्हणाली. "आवाज आला आणि राहवलं नाही. रोज खिडकीत उभ्या राहून ओरडायच्या तुमच्यावर. रघ्या, डबो बंद कर! आणि तुम्ही खरंच बंद करायचात. मग मला म्हणायच्या, बघ, रघ्या अजून माजा आयकता. त्यांना इतकं बरं वाटायचं, काका. नंतर जेवायच्यासुद्धा नीट."

मी कधीच बंद केलं नव्हतं. ती ओरडत होती हेच मला माहीत नव्हतं. खाली मी तिची वाट बघत होतो, वर ती मला हाका मारत होती, आणि मध्ये माझाच डबा बोंबलत होता. पण हे त्या पोरीला कशाला सांगू?

"तिचं ऐकावंच लागायचं," मी म्हणालो, आणि हात पुढे करून भजन बंद केलं. त्या गाडीत मी आपल्या हाताने बंद केलेलं ते पहिलंच.