लिऊने खाल्लेला रोट

दोन देशांचं बिनसलं की दिल्लीत बैठका होतात आणि सुरतेच्या बमरोलीत योगराजचं डोकं दुखतं. त्याच्या कापड कारखान्याच्या शेठनी चीनमधून नवे माग मागवले. माग बोटीने बिनबोभाट आले. ते जोडून देणाऱ्या इंजिनिअरला मात्र व्हिसा मिळेना. दोन वर्षं माग प्लास्टिकात गुंडाळून पडले. योगराज त्यांचा मास्टर, म्हणजे रोज धूळ झटकणारा. सरहद्दीच्या बातम्या तो अशा कान देऊन ऐकायचा, की शेजाऱ्यांना वाटावं याला पोरगी तिकडेच द्यायचीय.

शेवटी दोन्ही सरकारं नरमली आणि लिऊ आला. त्याने माग जोडले, पण चालू केले की ते बंद पडत. सोमवारी रात्री त्याचं परतीचं विमान होतं. शेठनी सांगूनच टाकलं, तोवर माग चालले नाहीत तर योगराजने मास्टरकी विसरावी आणि पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये जाऊन रंगाची पिंपं ढवळावीत.

त्यात श्रावणातली कानबाई, योगराजच्या खानदेशी घराची देवी. सोमवारी सकाळी विसर्जन झालं आणि योगराज लिऊला जेवायला घरी घेऊन आला. तो हात धुवायला गेला, तेवढ्यात भुकेल्या पाहुण्याने परडी उघडून अख्खा रोट फस्त केला. आता हा रोट म्हणजे कुळातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने मूठमूठ गहू घेऊन केलेला. भाऊबंद सोडून त्याचा तुकडा शेजाऱ्यालाही देत नाहीत, आणि इथे तर थेट परदेशी!

योगराजने आधी देव्हाऱ्यापुढे हात जोडले. देवीच कोपली तर माग काय चालणार? त्याची आई इंदुबाई रिकाम्या परडीकडे बघत राहिली, मग लिऊकडे. तो बोटं चाटत होता.

"खादा ना?" ती म्हणाली. "मग आते हाऊ आपला भाऊबंद व्हयना. तेले सांग, भाऊनं काम आर्धं टाकीसन जावानं नही."

योगराजने ते मोबाइलवर चिनीत करून दाखवलं. लिऊ वाचून हसला, मग पुन्हा वाचू लागला. तडक कारखान्यात जाऊन मागाखाली शिरला. तिन्हीसांजेला माग चालले ते चाललेच. काळ्या हातांनीच तो विमानतळावर गेला, आणि योगराजला चक्क रडू आलं.

यंदा माग तपासायला येणाऱ्या लिऊचा व्हिसा कुठल्याशा कागदावरून पुन्हा अडकलाय. कानबाई आली, तशी इंदुबाई सुपात गव्हाच्या मुठी टाकायला बसली. थोरल्या मुलाची, वाल्मिकची टाकली, योगराजची टाकली. मग आणखी एक टाकली.

ही कुणाची, असं योगराजने माहीत असूनही विचारलं.

"लिऊनी," ती म्हणाली. "येवो का न येवो, घरना माणूस मोजनाच पडस."