पाईपच्या तळाचं

रुपरावांनी विझलेला पाईप वाटीवर उपडा धरला आणि बोटाने हलक्या टिचक्या मारल्या. तळाशी उरलेली ओलसर, अर्धवट जळकी तंबाखू सुटी होऊन पितळी वाटीत पडली. मग त्यांनी तारेने पाईपचं पोट कोरलं, नळीतून कबुतराचं पीस फिरवलं आणि फडक्याने पुसून तो बाजूला ठेवला. स्वयंपाकघरात भाजी निवडता निवडता गोपिकाबाई हे सगळं कानांनी पाहत होत्या. वाटी सरकवल्याचा आवाज आला तशी त्या पदर नाकाला लावून व्हरांड्यात आल्या.

"आणा इकडे. काय तो वास. माणसाच्या घरात राहून राहिली की इंजिनाच्या, समजत नाही मले."

"राहू दे. धोंडबा टाकेल."

"गडीमाणूस कुठंही टाकते. मीच टाकते."

वाटी घेऊन त्या मागच्या अंगणात गेल्या. तंबाखू टाकली मात्र नाही. न्हाणीघराच्या वरच्या फळीवर पावडरचा एक रिकामा डबा होता, त्यात ती सगळी तंबाखू गेली. त्यातली चिमूटभर सुकलेली बोटावर घेऊन त्यांनी दातांवरून सावकाश फिरवली आणि डोळे मिटले. दिवसभरात बाईंना एवढीच काय ती विश्रांती.

गोपिकाबाई सावनेरच्या. माहेरी आई, काकू, आत्या, सगळ्याजणी तव्यावर तंबाखू भाजून तिची मशेरी दातांना लावत, आणि बघता बघता यांनाही सवय लागली होती. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात बी.ए. झालेल्या नवऱ्याने सांगितलं, "आपल्या घरात मशेरी चालणार नाही." बाईंनी सोडली. अगदी खरोखर सोडली. पुढे बदलून गेलेल्या एका साहेबाचं पाहून रुपरावांनी स्वतःच पाईप धरला, आणि बाईंच्या हाती हुकमाचं पान आलं. भांडण किराण्याचं असो की नणंदेच्या आहेराचं, शेवट ठरलेला असे.

"मी एका शब्दावर सोडली. तुमच्यानं सुटते का?"

पाईप धरल्यापासून रुपरावांनी एकही भांडण जिंकलं नव्हतं.

आता वाटी टाकायला नेताना एकदा बाईंचं बोट भरलं, आणि ते बोट चुकून दातांवर गेलं, याला त्या तरी काय करणार? दुकानातून कधी आणली नाही, म्हणजे शब्द मोडलेला नाही, असं त्यांचं स्वच्छ मत होतं. टाकाऊ वस्तूला कोणी व्यसन म्हणतं का? शिवाय त्या साहेबी तंबाखूला असा काही मधाळ वास होता, की हल्ली सावनेरला गेल्यावर बहिणीची मशेरी त्यांना अगदीच गावंढळ वाटे.

त्या तोंड पुसून परत आल्या, तेव्हा रुपराव पाईप कपाटात ठेवत होते.

"हा शेवटचा," ते म्हणाले. "डॉक्टरनं छाती पाहिली. पाईप एकदम बंद म्हणते. घे, जिंकली तू."



"बरं झालं," त्या म्हणाल्या आणि आत जाऊन निवडलेली भाजी पुन्हा निवडत बसल्या.

बातमी शेजारच्या पुष्पलताबाईंकडून सगळ्या धरमपेठेत झाली. रुपराव मजेत होते. भूक वाढली, सकाळी फिरायला जाऊ लागले, बडीशेप चघळत पेपर वाचू लागले. इकडे बाईंचं डोकं दुखायला लागलं, पोट बिघडलं, डब्याचा तळ त्यांनी केसातल्या आकड्याने खरवडून काढला. एका दुपारी त्यांनी पाईप पुसून हळूच नवऱ्याच्या पेपराशेजारी ठेवला. रुपरावांनी तो उचलून परत कपाटात ठेवला.

"एकदम सोडलं की तब्येतीले झटका बसते म्हणतात," बाई म्हणाल्या.

"कोण म्हणते?"

"म्हणतात लोक."

"डॉक्टर तर म्हणते, एकदमच सोडा."

बाईंनी त्या डॉक्टरच्या सात पिढ्या मनातल्या मनात उद्धरल्या. त्या दिवशी धोंडबाने झाडू नीट मारला नाही म्हणून बोलणी खाल्ली, दूधवाल्याने खाल्ली, आणि पुष्पलताबाईंची साखर मागायला आलेली वाटी रिकामीच परत गेली. रुपराव चष्म्यावरून पाहत होते.

"पाईप मी सोडला, अन् चिडचिड तुले होऊन राहिली. काहून?"

"उन्हानं."

"डिसेंबरात?"

सांगून मोकळं व्हावं, असं बाईंच्या अगदी ओठांपर्यंत आलं होतं. पण एकदा सांगितलं की इतक्या वर्षांची सगळी जिंकलेली भांडणं हरल्यात जमा. हा माणूस मग म्हातारपणी उठता बसता तेच ऐकवेल, आणि ऐकवण्याचा हक्क तर त्यांचा होता.

रविवारी महिला मंडळाने कहर केला. नवऱ्याचं व्यसन सोडवणारी आदर्श गृहिणी म्हणून गोपिकाबाईंचा सत्कार ठेवला. पुष्पलताबाईंनी ओटी भरली, नारळ आणि खण दिला, आणि "दोन शब्द बोला" म्हणून आग्रह धरला. "मनाचा निग्रह असला की सगळं सुटते," एवढं बोलून बाई घामाघूम होऊन खाली बसल्या.

नारळ सांभाळत त्या परत आल्या तर गल्लीच्या तोंडाशीच तंबाखूचा वास आला. आपल्याच घरातून. बाईंचे पाय भराभर पडू लागले. ओढला वाटतं यांनी. देवा, ओढला. त्यांना इतका आनंद झाला, की चेहऱ्यावर राग आणण्यासाठी फाटकाशी क्षणभर थांबावं लागलं.

रुपराव बनियनवर व्हरांड्यात बसले होते. तोंडात पाईप नव्हता.

"तुम्ही ओढला?"

"नाही बा. पाईप साफ केला नुसता."

घरात धूर कोंडला होता. धोंडबाला सुटी दिलेली दिसत होती. मोरीत तवा पडला होता, एका बाजूने घासलेला आणि दुसऱ्या बाजूने तसाच. या माणसाने आजवर स्वतःचा चहाचा कप विसळला नव्हता. बाई बाहेर आल्या. रुपरावांच्या भाजलेल्या अंगठ्याला तूप लावलेलं होतं. आणि कठड्यावरच्या पितळी वाटीत काळपट तपकिरी तंबाखूचा ढीग होता, कोरडा, चांगला खमंग भाजलेला. पाईपच्या तळाशी उरून उरून उरणार ती बोटभर. हा ढीग पंधरा दिवस पुरला असता.

"एवढं निघालं पाईपातून?"

"वर्षानुवर्षांचं साचलं होतं." रुपरावांनी पेपर तोंडासमोर धरला. "धोंडबा उद्या येते. त्याले सांगू टाकायले?"

"नको."

बाई खुर्चीत बसल्या. नारळ मांडीवर तसाच राहिला. त्यांना रडू येऊ लागलं, आणि या वयात यांच्यापुढे रडू यावं याची लाजही वाटू लागली. यांना आपलं गुपित किती वर्षांपासून माहीत होतं, हे विचारायची त्यांची छाती झाली नाही.

"न ओढता ठेवला की पाईप जास्तच खराब होते म्हणतात," पेपरामागून आवाज आला. "महिन्यातून दोनदा तरी साफ करा लागन."

बाईंनी वाटी जवळ ओढली. चिमूटभर तंबाखू बोटांत घेऊन चुरडली, नाकाशी नेली.

"आच मंद ठेवत जा," त्या म्हणाल्या. "करपली थोडी."