काचेआड बसलेला हेडसेट

मी एक जुना हेडसेट आहे, मित्रांनो. विमान चालवणारे जो कानांवर चढवतात आणि ज्याचा माईक ओठांपाशी ओढून घेतात, तोच. परवापर्यंत वडवणीतल्या एका घरात, काचेच्या शोकेसमध्ये कुलूपबंद होतो. माझ्यावर झेंडूचा सुकलेला हारही चढवला होता. हार घालण्याइतका मी अजून मेलेलो नाही, पण मला विचारतो कोण?

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. पहिला मालक अमरसिंह. तो उड्डाणशाळेत विमान चालवायला शिकायला आला, तेव्हा तिथली दोन विमाने दुरुस्तीसाठी उभी होती. त्याला महिनोन् महिने उड्डाण मिळेना. झालेला सराव मोडायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात व्हायची. शेवटी कंटाळून त्याने शिक्षण सोडले. जाताना मला नव्याने आलेल्या पौर्णिमाच्या हाती दिले.

पौर्णिमा म्हणजे एसटीतून निवृत्त झालेल्या माणिकरावांची लेक. पाठांतर असे, की ऐकत राहावे. तेच तिला नडले. विमानतळाच्या नियंत्रण मनोऱ्यावरून वैमानिकाला सूचना आली, की ती जशीच्या तशी परत म्हणून दाखवावी लागते. पौर्णिमा एक शब्द चुकत नसे. अर्थ कळला नाही, तरी खणखणीत म्हणून मोकळी व्हायची. तिची धडधड फक्त मला ठाऊक होती.

त्यातच ती पहिल्यांदा सुट्टीवर गावी आली, तेव्हा माणिकरावांनी हौसेने तिचा सत्कार ठेवला. बसस्थानकासमोर 'कॅप्टन पौर्णिमा' असा फलक लागला. खरे तर एकटीने विमान उडवायची पहिली परीक्षाही अजून व्हायची होती. पण एकदा कॅप्टन झाल्यावर 'मला समजले नाही' असे ती कोणत्या तोंडाने म्हणणार? तेव्हापासून ती शिक्षकांना काही विचारेनाशी झाली.

एका सकाळी मनोऱ्यावरून सूचना आली, की धावपट्टीच्या अलीकडे थांबा. तिने ती बिनचूक म्हटली आणि विमान तसेच पुढे नेले. धावपट्टीवर दुसरे विमान उतरत होते. शेजारी बसलेल्या शिक्षकांनी ब्रेक दाबला म्हणून निभावले.

"सूचना कळली होती का?" त्यांनी विचारले.

"हो सर," ती म्हणाली.

तिचे एकटीचे उड्डाण लांबणीवर पडले. चार दिवसांची रजा आहे असे सांगून ती गावी आली, त्याला आता चार महिने झाले; घरात विचारले, की 'रजा वाढली' म्हणायची. मी शोकेसमध्ये गेलो आणि तिच्या आईने, मनकर्णाबाईंनी, किल्ली कमरेला लावली. पौर्णिमा मधल्या खोलीत बसून असायची. पाहुणे आले, की आम्हा दोघांना बाहेर बोलावले जायचे आणि कौतुक आटोपले, की पुन्हा आत.

परवा शेजारच्या बायनाबाई आल्या. मला उलटसुलट करून बघत म्हणाल्या, "पोरी, एकटीनं इमान उडविताना भ्या न्हाई का वाटत?"

पौर्णिमाने मला त्यांच्या हातून घेऊन टेबलावर ठेवले. मग म्हणाली, "मावशी, म्या एकटीनं कवा उडिवलंच न्हाई."

माणिकरावांचा चहा हातातच राहिला. "मंग ही रजा कसली?"

"रजा न्हाई, आबा. पळून आले."

"मला कावून सांगितलं न्हाई?"

"तुमी लई खूश होता."

माणिकरावांनी कप खाली ठेवला. मला त्यांचा राग यायचा, पण त्या क्षणी फार वाईट वाटले. ते हळूच म्हणाले, "तुज्या सरांला फोन लाव. आत जाऊन लाव, आमी आयकत न्हाई."

ती उठली. मनकर्णाबाई मला उचलू लागल्या, तसे ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे त्याला भायेर."

मित्रांनो, शिकणाऱ्याला घाईने मोठे करून ठेवू नका. 'कळलं का?' असे विचाराल, तेव्हा 'नाही' ऐकायची तयारी ठेवा. आणि तुम्ही स्वतः शिकत असाल, तर ते 'नाही' गिळू नका. पौर्णिमा परत जाईल का, तिला जमेल का, मला ठाऊक नाही. बाहेर टेबलावर पडून मी एवढेच ऐकले:

"सर, त्या दिवशी मी 'हो' म्हणाले, ते खोटं होतं. मला कळलं नव्हतं."